माझ्या मशीनवर चालतंय

सॉफ्टवेअरच्या धंद्यात मी टेस्टर आहे. डेव्हलपर ज्याला 'झालं' म्हणतो ते झालेलं नाही, हे दाखवून देण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे चहाला माझ्यासोबत सहसा कोणी येत नाही. बग दाखवला की उत्तर ठरलेलं : "अगं, माझ्या मशीनवर चालतंय." मग ग्राहकाला तुझं मशीनच कुरिअर करूया, असं अगदी ओठांवर येतं.

काम नेहमी नव्वद टक्के झालेलं असतं. सोमवारी नव्वद, शुक्रवारीही नव्वद. बेल लॅब्जच्या टॉम कार्गिल यांनी याचं गणित मांडून ठेवलंय : कोडच्या पहिल्या नव्वद टक्क्यांना नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी नव्वद. बेरीज एकशे ऐंशी. आमची जास्त भरते. पण ती बेल लॅब्ज होती.

किती वेळ लागेल हे आधी कळावं म्हणून आम्ही पत्ते खेळतो. खरंच! याला प्लॅनिंग पोकर म्हणतात. प्रत्येकाच्या हाती १, २, ३, ५, ८, १३ असे पत्ते. सगळ्यांनी एकदम उघडायचे. सहा-सात नाहीतच, कारण मोठ्या कामाचा अंदाज इतका बारीक करता येत नाही. (हे मात्र पटण्यासारखं आहे.) हे आकडे तासांचे नव्हेत, दिवसांचेही नव्हेत, नुसते 'पॉइंट' आहेत, असं दरवेळी बजावलं जातं. मग मॅनेजर एका पॉइंटला अर्धा दिवस धरून शांतपणे एक्सेल भरतो. एखाद्या नवख्याने तेराचा पत्ता टाकला, तर सगळे त्याच्याकडे असे बघतात की पुढच्या वेळी तो आधी सिनिअरचा चेहरा वाचतो.

पूर्वी पत्ते नव्हते, धबधबा होता. आधी सगळ्या मागण्या, मग डिझाइन, मग कोड, शेवटी टेस्टिंग. पाणी वर चढायचं नाही. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी एका निबंधात हे चित्र काढलं आणि लगेच लिहिलं, की असं करणं जोखमीचं आहे, यात अपयशाला आमंत्रण आहे. जगाने चित्र घेतलं, मजकूर सोडला. आमच्याकडे रिक्वायरमेंटचं डॉक्युमेंट कसं वाचतात ते पाहिल्यामुळे मला नवल वाटलं नाही. पुढे २००१ मध्ये युटातल्या स्नोबर्ड या स्कीइंगच्या ठिकाणी १७ जणांनी 'अजाइल' या कार्यपद्धतीचा जाहीरनामा लिहिला. लोक जिथे पैसे भरून घसरायला जातात, तिथेच तारखा घसरवणाऱ्या धंद्याने नवी संहिता लिहावी, हे मला फार आवडतं. प्रक्रियेपेक्षा माणसांचं एकमेकांशी बोलणं महत्त्वाचं, असा तिचा रोख. आता शेजारच्या खुर्चीशी बोलायला मी 'जिरा' नावाच्या सॉफ्टवेअरवर तिकीट काढते.

तरी उशीर होतोच. मग माणसं वाढवतात. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच पुस्तकात लिहिलंय, की रखडलेल्या प्रकल्पात माणसं घातली तर तो आणखी रखडतो. ते पुस्तक आमच्या मॅनेजरकडे आहे, मॉनिटरखाली. नव्यांना समजावण्यात जुन्यांचे दिवस जातात आणि नव्वदवर असलेलं काम पंच्याऐंशीवर येतं.

अशा वेळी फेज टू, म्हणजे 'पुढच्या टप्प्यात बघू', कामी येते. माझे निम्मे बग तिथेच राहायला गेलेत. यादी एक्सेलमध्ये सांभाळवेना, म्हणून तिच्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर बनवायचं ठरलंय. काल पत्ते टाकले. एकमत तेरावर झालं; मॅनेजरने आठ लिहून घेतले.