फॉर्म्युला वनचं सुतक

आप्पांना सुतक होतं म्हणून सोसायटीची मीटिंग पुढे ढकलावी लागली. चेअरमन नवीन होते. त्यांनी अदबीने विचारलं, "कोण गेलं?"

"डीआरएस," आप्पा म्हणाले.

"वय काय होतं हो?"

"पंधरा."

चेअरमनांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांना कुणी सांगावं, की डीआरएस म्हणजे रेसच्या गाडीच्या मागच्या पंखाची उघडणारी फळी! पुढची गाडी एका सेकंदाच्या आत असली, की ठरलेल्या पट्ट्यात बटण दाबायचं. फळी उघडते, हवेचा अडथळा कमी होतो, गाडी सुसाट पुढे. २०११ साली ही सोय आली आणि २०२६च्या नव्या नियमांत गेली. आता पुढचा-मागचा असे दोन्ही पंख हलतात आणि गाडीची जवळजवळ निम्मी ताकद विजेची असते. यात चेअरमनांनी रडावं असं काही नव्हतं. शिवाय ही डीआरएस जन्माला आली होती तेव्हाही आप्पांनी सुतकच धरलं होतं. "बटण दाबून ओव्हरटेक? मग ड्रायव्हर कशाला हवाय? संपला खेळ!" हे त्यांचे तेव्हाचे शब्द. जन्माचं सुतक धरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हे आप्पा म्हणजे कोण, ते तुम्हाला सांगायला नको. मोंझाच्या स्टँडात इटालियन बोलणारे आप्पा आहेत, सिल्व्हरस्टोनच्या पावसात थर्मास घेऊन बसलेले इंग्रज आप्पा आहेत. आमचे निगडीत राहतात, एवढंच. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांची नोकरी झाली. दहा मायक्रॉनचा फरक बोटाला कळतो, असं ते सांगतात. नियमातला फरक त्यांना त्याहून लवकर कळतो, आणि कळला की ते आंघोळ करून येतात आणि जाहीर करतात, "फॉर्म्युला वन गेलं."

मग दाढी बंद. देवपूजा काकूंकडे. कुणाच्या घरी जायचं नाही, गोड खायचं नाही. शास्त्रातलं सुतक दहा दिवसांचं असतं. आप्पांचं पुढच्या रेसपर्यंत. रविवारी दिवे लागायच्या अर्धा तास आधी ते गुळगुळीत दाढी करून टीव्हीसमोर बसतात. काकू आतून विचारतात, "फिटलं का? मग पोहे टाकते."

काकूंच्या मते या घरात माणसांपेक्षा नियमच जास्त वारले. १९९८ला टायरला खाचा पाडायचा नियम आला: सुतक. २००९ला खाचा गेल्या, गुळगुळीत टायर परत आले: सुतक, कारण आता खाचांची सवय झाली होती. रेसमध्ये पेट्रोल भरायला १९९४ला परवानगी मिळाली आणि २०१०ला ती काढून घेतली. दोन्ही वेळा घरात गोड नव्हतं. २०१६ला पात्रता फेरीत दर दीड मिनिटाला सगळ्यात हळू गाडी बाद करायची टूम निघाली. ती इतकी फसली, की ऑस्ट्रेलिया आणि बहरीन अशा दोन रेसनंतर गुंडाळावी लागली. नियम दोनच रेस जगला. आप्पांचं सुतक त्याच्यानंतरही चालू होतं.

सगळ्यात मोठं मरण २०१४चं. आठ सिलिंडरची इंजिनं गेली आणि सहा सिलिंडरची, टर्बोची, बॅटरी जोडलेली आली. आवाज बसला. जगभरचे प्रेक्षक कळवळले. खुद्द बर्नी एकलस्टन, ज्यांच्या हाती खेळाचा गल्ला, तेही कुरकुरले. मग मर्सिडीजने बार्सिलोनाच्या चाचणीत गाडीच्या एक्झॉस्टला चक्क कर्ण्याच्या आकाराचं तोंड बसवून पाहिलं. आवाज काही वाढला नाही. तो फोटो आप्पांनी मला दाखवला तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. "अरे, इंजिनाला कंठ फुटत नाही म्हणून त्याच्या तोंडाला भोंगा लावतात?" त्याच वर्षी अबू धाबीच्या शेवटच्या रेसला दुप्पट गुण देण्याचाही नियम होता. त्या वर्षी काकूंनी दिवाळीचा चिवडा लपूनछपून केला.

आप्पांचं प्रेम ज्या काळावर आहे तो काळ फार सोवळा होता असं समजू नका. १९८२ची गोष्ट ते डोळे मिटून सांगतात. गाडीचं किमान वजन ठरलेलं. पण रेसनंतर तेल-पाणी भरून मग वजन करायला हरकत नव्हती. तेव्हा काही इंग्लिश संघांनी 'ब्रेक थंड करायला' म्हणून गाडीत पाण्याच्या टाक्या बसवल्या. पहिल्या काही फेऱ्यांत पाणी सांडून द्यायचं, हलक्या गाडीने रेस मारायची आणि वजनाआधी टाकी काठोकाठ भरायची. ब्राझीलला पिके पहिला आला, रॉसबर्ग दुसरा, आणि दोघंही बाद ठरले. मग रुसून बरेच संघ इमोलाला आलेच नाहीत. चौदाच गाड्या धावल्या. "याला म्हणतात अक्कल!" आप्पा म्हणतात. आणि २०२१ला रेड बुल खर्चाच्या मर्यादेबाहेर गेली आणि हिशेबात चुकलेल्या बाबींत जेवणखाणाचा खर्चही निघाला, तेव्हा? "शी! लबाडी करायची तर पाण्याची करावी. आमटीची काय करता?"

हेलोच्या वेळी तर ते माझ्याशीही बोलेनात, कारण मी म्हटलं होतं की माणूस वाचत असेल तर काय बिघडलं. ड्रायव्हरच्या डोक्यावरची ती टायटॅनियमची कमान २०१८ला आली. लोकांनी तिला स्लिपरचा पट्टा म्हणून हिणवलं. मर्सिडीजचे टोटो वोल्फ तर करवत द्या, कापून टाकतो, अशा सुरात बोलले होते. आप्पा त्यांच्याही पुढे. मग २०२०च्या नोव्हेंबरात बहरीनला रोमां ग्रोजांची गाडी कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले, आगीचा लोळ उठला, आणि सुमारे अर्ध्या मिनिटाने तो माणूस हात भाजलेला पण चालता-बोलता बाहेर आला. हेलो नसता तर त्या कठड्याने डोकं ठेवलं नसतं. दुसऱ्या दिवशी आप्पा जिन्यात भेटले. बराच वेळ किल्ल्या चाचपत राहिले. मग म्हणाले, "तरी दिसायला वाईटच आहे," आणि माझ्या हातावर खडीसाखर ठेवली.

नियमांच्या मरणापेक्षा मालकांचे सौदे त्यांना जास्त लागतात. या खेळाचे धंद्याचे हक्क २००१ला शंभर वर्षांच्या कराराने देऊन टाकले, हे ते आमच्या सोसायटीच्या प्रत्येक वार्षिक सभेत सांगतात. "तिकडे शंभर वर्षांचं लिहून झालं, आणि आपलं कन्व्हेयन्स डीड होत नाही!" बर्नींना त्यांनी जन्मभर शिव्या घातल्या. २०१७च्या जानेवारीत लिबर्टी मीडियाने कर्जासकट आठ अब्ज डॉलरचा सौदा पुरा केला आणि शहाऐंशी वर्षांच्या बर्नींना बाजूला केलं, तेव्हा आप्पांनी दाढी ठेवली ती बर्नींसाठी. "चोर होता, पण आपला होता."

संघ विकला जातो, नाव बदलतं. आप्पा बदललेलं नाव घेत नाहीत. सिल्व्हरस्टोनच्या फाटकासमोरच्या त्या एकाच संघाचं जॉर्डनचं मिडलँड झालं, मग स्पायकर, मग फोर्स इंडिया, मग रेसिंग पॉइंट, मग २०२१ला ॲस्टन मार्टिन. आप्पांच्या तोंडी अजून जॉर्डन. "आज जॉर्डनचा अलोन्सो बरा चालला." फोर्स इंडियाच्या गाडीला बरीच वर्षं केशरी-पांढरा-हिरवा रंग होता, पण रेसला त्यात एकही भारतीय ड्रायव्हर बसला नाही. दोन मोठ्या मालकांपैकी सुब्रत रॉय २०१४ला तिहारमध्ये गेले आणि मल्ल्या २०१६ला लंडनला. तरी २००९ला स्पाला फिसिकेलाने पोल मारली आणि रेसमध्ये दुसरा आला, त्या एका रविवारी आप्पा "आपली फोर्स इंडिया" म्हणाले. सोमवारी परत जॉर्डन.

आता इंडियानापोलिस ऐका. २००५ला नियम होता, की पात्रता फेरी आणि अख्खी रेस एकाच टायरसेटवर काढायची. तिथल्या तिरक्या वळणावर आपले टायर टिकतील याची हमी मिशेलिनला देता येईना. वॉर्म-अपची फेरी झाली आणि चौदा गाड्या वळून गॅरेजमध्ये गेल्या. सहा गाड्यांची रेस! प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, जगभर या खेळाचं तेरावं घातलं गेलं. आणि आप्पा? आप्पा दारोदार पेढे वाटत होते. कारण त्या सहांत जॉर्डनमध्ये बसलेला नारायण कार्तिकेयन चौथा आला, आणि भारतीयाला पहिल्यांदा फॉर्म्युला वनचे गुण मिळाले. "सहाच धावल्या ना?" असं कुणीसं विचारलं. "मग? चौथा तो चौथा. ज्यांना धावायचं होतं त्यांनी धावायचं!" त्या दिवशी ज्या नियमावर सारं जग थुंकत होतं, तो नियम आप्पांनी अजून देव्हाऱ्यात ठेवला आहे.

२०२६ने तर त्यांची पंचाईतच केली. जानेवारी २०२४ला अँड्रेटींच्या संघाला दार बंद, नोव्हेंबरात जनरल मोटर्सच्या कॅडिलॅकला तेच दार उघडं. म्हणजे २०२६ला अकरावा संघ, नवा जन्म; आणि तिकडे डीआरएसचं मरण. एकाच वर्षी सोयर आणि सुतक. काकूंनी विचारलं, "पोहे की खिचडी, काय ते एक सांगा."

पण एका मरणाचं सुतक या घरात कधीच आलं नाही.

२०११च्या ऑक्टोबरात भारतातली पहिली रेस पाहायला आप्पा रेल्वेने दिल्लीला आणि तिथून ग्रेटर नोएडाला गेले. सगळ्यात स्वस्त स्टँडचं तिकीट. शुक्रवारी पहिल्या सरावाला नव्याकोऱ्या ट्रॅकवर भटकं कुत्रं आलं आणि सगळं थांबवावं लागलं. आप्पा ते असं सांगतात, जसं काही त्या कुत्र्यानेच उद्घाटन केलं. तीन वर्षं रेस झाली, तिन्ही वेळा वेटेल जिंकला. २०१३ला तिथेच त्याचं चौथं विजेतेपद पक्कं झालं, त्याने लोकांसमोर गाडी गरगर फिरवली, उतरून तिच्यापुढे गुडघे टेकले, आणि नियम मोडला म्हणून त्याला समज आणि संघाला पंचवीस हजार युरो दंड झाला. पुढच्या वर्षी रेस आली नाही. उत्तर प्रदेश सरकारच्या लेखी तो खेळ नव्हता, करमणूक होती, तसा कर. गाड्या आणायच्या तर कस्टमची कागदपत्रं. शिवाय फॉर्म्युला वनच्या कंपनीला कमाईवरचा आयकर.

मी वाट पाहिली. दाढी नेहमीसारखी झालेली. घरात गोड शिजत होतं. मी काकूंना खुणेने विचारलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली. शेवटी मीच म्हटलं, "आप्पा, नोएडाचं..."

"पुढच्या वर्षी," आप्पा म्हणाले. "कराचं प्रकरण कोर्टात आहे."

२०१७च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. मुक्काम तीन दिवसांचा असला तरी ट्रॅकवर कंपनीचं बस्तान होतं, सबब कर लागू. मी पेपर घेऊनच गेलो. आप्पांनी तो उभ्याउभ्या वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"रिव्ह्यू पिटिशन असेल," ते म्हणाले.

अजूनही विषय निघाला, की आप्पा त्या स्टँडच्या तिकिटाची किंमत सांगतात. दर वेळी ती आधीपेक्षा थोडी कमी सांगतात, म्हणजे पुढच्या खेपेला मलाही जमावं.