अनुभव हाच पगार

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या श्रेयांकांत इंटर्नशिप आणली आणि कंपन्यांची चांदी झाली. मुलं आता आपणहून दारात येतात. त्यांना पगार नको, प्रमाणपत्र हवं असतं; ते रंगीत प्रिंटरवर निघतं.

पहिल्या दिवशी गळ्यात ओळखपत्र अडकवावं, लॅपटॉप महिनाअखेरीस द्यावा. तोवर पोरगी वहीत बघून एक्सेलमध्ये गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर भरेल. प्रमाणपत्रावर त्याला ‘डेटा ॲनालिटिक्स’ म्हणावं. मार्गदर्शक नेमावाच, फक्त तो रजेवर असलेला बरा. ‘हे कशासाठी?’ असं तिने विचारलंच, तर मूल्यमापनात ‘संघभावना कमी’ लिहून मोकळं व्हावं.

विद्यावेतन? २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्यांना महिना ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्यांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार ठरवले, तेही सरकारी तिजोरीतून. पण शिक्षण चालू असलेले त्यात बसत नाहीत. कॉलेजची पोरं आपल्या हाती फुकट उरली, ती अशी.

शेवटी तिने नोकरीचं विचारलं, तर दोन वर्षांचा अनुभव मागावा. इंटर्नशिप त्यात धरत नाहीत.