आधी दाखला, मग पोरगं

शहरातल्या काही सुखवस्तू घरांत हल्ली मूल शाळेत घालत नाहीत. सकाळी तबला, दुपारी कोडिंग, संध्याकाळी पोहणे. मूल मजेत असते. ते तेरा-चौदाचे झाले की आईबाबांना घाम फुटतो: दाखल्याचे काय? त्यावरही तोड आहे. परदेशातली एखादी ऑनलाइन खासगी शाळा डॉलरमध्ये फी घेते, घरी काय काय शिकले त्याची फाइल मागवते आणि गुणपत्रक पाठवून देते. वेळापत्रक तुमचे, अभ्यास तुमचा, शिक्का त्यांचा. याला लवचिक शिक्षण म्हणतात.

आता जुन्नर-आंबेगावात या. दिवाळी झाली की विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या ऊसपट्ट्यात बीड-पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात, त्यांच्या झोपड्या म्हणजे कोप्या पडतात. कोपीवरची पोरंही शाळेत न जाताच शिकतात: वाढे बांधणे, धाकट्याला सांभाळणे, उसात बिबट्या असला तर कुठे फिरकायचे नाही. वेळापत्रक इतके लवचिक की गाडी भरायला पहाटे तीनलाही उठवतात. या अभ्यासाची फाइल मात्र कोणी मागवत नाही.

घरी शिकवणाऱ्यांवर माझा राग नाही. मुंबईत घरीच शिकलेल्या एका मुलीला २०१६ मध्ये संगणक ऑलिंपियाडच्या पदकांवर अमेरिकेच्या एमआयटीने घेतले. आपल्या आयआयटीचे दार तिला बंद होते. बारावीचा कागद नव्हता ना!

देशी सोय नाही असेही नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून आहे. १४ वर्षे पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येते, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, मराठी माध्यमही आहे. शाळेचे तोंडच पाहिले नसेल तर ‘मी दहावीपुरता शिकलो आहे’ असे स्वतः लिहून द्यायचे. सरकारने नागरिकाच्या शब्दावर इतका विश्वास दुसरीकडे कुठे ठेवल्याचे मला तरी आठवत नाही.

आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म जास्त कडक. शाळेत न जाता बाहेरून दहावी द्यायची, म्हणून आधी शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा. हरवला असेल तर दुसरी प्रत आणि वर प्रतिज्ञापत्र. फॉर्म ऑनलाइन. डिंभे धरणाच्या वर, आहुप्याच्या बाजूच्या पोराने आधी रेंज शोधावी, मग दाखला.

खरे तर बाहेरून शिकणारे शहरातच जास्त. कॉलेजच्या पटावर नाव आणि दिवसभर बूड क्लासमध्ये! विज्ञानाच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरीचा फतवा सरकारला २०१८ मध्ये काढावा लागला तो यांच्यासाठी, कोपीवरच्या पोरांसाठी नव्हे. यांना शाळाबाह्य म्हणायची कोणाची हिंमत नाही.

कोपीवरच्या पोरासाठीही कागद आहे. शिक्षण हमी पत्रक. गाव सोडताना तिथल्या गुरुजींनी ते द्यायचे, इकडच्या शाळेने ते बघून पोराला बसवून घ्यायचे. एक पैसा पडत नाही. फक्त गाडी सुटण्याआधी पोरगं चाललंय हे शाळेला कळायला हवे. टोळीच्या मुकादमाला ते उचल देतानाच कळलेले असते. कोणत्या घरातून किती कोयते येणार याचा त्याचा हिशेब पावसाळ्यातच पक्का होतो. शाळेला पोर गेल्याचे कळते ते बाक रिकामा दिसल्यावर.

तेव्हा दोन्ही तालुक्यांतल्या मुख्याध्यापकांना विनंती: हंगामात कोणी दाखल्याविना पोर घेऊन आले तर परत पाठवू नका. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत वयाचा पुरावा नाही किंवा दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि बसवायचे तेही वयाला साजेशा वर्गात. दाखला मागाहून गावाकडून मागवता येतो.