अमृतराव घाटावर आडवी गिटार

अमृतराव घाटाला बनारसी माणूस राजाघाट म्हणतो. राजा म्हणजे अमृतराव पेशवे. ते राजे कधीच नव्हते आणि नीट पाहू गेले तर पेशवेही जेमतेमच. राघोबादादांनी त्यांना दत्तक घेतले. पुढे 1775 साली धारला दादांच्या सख्ख्या मुलाचा, म्हणजे दुसऱ्या बाजीरावांचा जन्म झाला आणि दत्तकाचा भाव उतरला. 1802 च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरला बाजी मारली, बाजीराव वसईला पळाले, तेव्हा काही महिने पुण्याचा कारभार अमृतरावांच्या हाती आला. इंग्रजांनी बाजीरावांना परत आणून बसवले आणि अमृतरावांना वर्षाला 7 लाखांचे पेन्शन देऊन मोकळे केले. त्यांनी काशी गाठली, दानधर्म केला, 1807 साली हा घाट दगडात बांधून काढला आणि पुण्यात जे जमले नाही ते इथे फुकटात मिळवले: लोक त्यांना राजा म्हणू लागले. कागदपत्रे कोणी मागितली नाहीत.

दशाश्वमेधाच्या गर्दीतून दक्षिणेकडे चालत निघाले की पांडे घाटानंतर थोड्या अंतरावर या पायऱ्या लागतात. उंच, दमवणाऱ्या, गुडघ्यांची खरी परीक्षा घेणाऱ्या. आरतीची झगमग इथवर पोचत नाही, त्यामुळे हिवाळ्यातल्या दुपारी इथे ऊन खात बसणारे, कपडे वाळवणारे आणि वाद्ये घेऊन बसणारे, सगळ्यांना पुरून उरेल एवढी जागा असते. अशाच एका दुपारी गिरगावातले एक निवृत्त बँक अधिकारी आणि त्यांच्या सौभाग्यवती या पायऱ्या उतरताना दिसले. त्यांना काका-काकू म्हणू. काकूंच्या हातात पूजेचे तबक होते. काकांच्या पाठीवर गिटार होती.

गिटार महानगरी एक्सप्रेसने आली होती. वरच्या बर्थवर ती झोपली आणि काका पायथ्याशी बसून आले. तिकीट तपासनिसाने 'ये क्या है' विचारले तेव्हा काकांनी 'विंटेज' असे उत्तर दिले. तपासनिसाने यादीत तसे नाव शोधले. भुसावळनंतर डब्यातल्या एका मुलाने 'चुरा लिया'ची फर्माईश केली आणि काकू खिडकीबाहेर पाहू लागल्या. त्यांच्या लेखी सगळ्या अनर्थाचे मूळ तेच गाणे. 1973 साली 'यादों की बारात' आला, झीनत अमान पांढऱ्या पोशाखात गिटार घेऊन पडद्यावर उभी राहिली, आणि मुंबईतल्या कित्येक सरळमार्गी तरुणांनी पहिल्या पगारात पोस्टाचे खाते उघडायचे सोडून धोबीतलावची वाट धरली. काकांनी जेर महालातल्या एका गोवेकर वादकाकडून ही गिटार घेतली. तेव्हाच ती जुनी होती, असे काका अभिमानाने सांगतात. तेव्हाच ती मोडकी होती, असे काकू सांगतात. दोघेही खरे बोलतात.

भांडणाचा खरा मुद्दा मात्र वेगळा आहे. गिटारीच्या पोटात चिकटवलेला कागद कसरीने खाल्ला असून त्यावर इंग्रजीतली शेवटची तीन अक्षरे उरली आहेत: 'सन'. डोक्यावरचे नाव कोणा उत्साही पॉलिशवाल्याने घासून टाकले आहे. आता 'सन'ने संपणारी घराणी दोन. एक अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कालामाझू गावचे गिब्सन, 1902 साली स्थापन झालेले, ज्यांच्या 1942 सालच्या जे-45 या मॉडेलसाठी शौकीन आजही घर गहाण टाकायला तयार असतात. दुसरे कोलकात्याचे गिवसन. आपल्याकडच्या हजारो हातांना पहिला कॉर्ड शिकवला तो याच कोलकात्याच्या गिटारींनी. जर्मनीत हॉफ्नर, तर कोलकात्यात हॉबनर. नावे ठेवणाऱ्यांनी संकोच मुळी केलाच नाही. पहिल्या घराण्याची असेल तर काकांच्या पाठीवर एका मोटारीची किंमत आहे. दुसऱ्या घराण्याची असेल तर एका सायकलची.

काकांनी संशोधन भरपूर केले. जुन्या गिब्सनमध्ये दांडीच्या आतल्या ठोकळ्यावर कारखान्याचा आकडा उमटवलेला असतो, असे कळल्यावर त्यांनी दाताच्या डॉक्टरकडचा छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन तिच्या पोटात शिरकाव केला. आकडा मिळाला नाही. मेट्रो सिनेमाचे अर्धे तिकीट मिळाले.

मग त्यांनी लाकडाचा मुद्दा काढला. पाठ शिसवीची आहे म्हणजे भारतीयच, असे कोणी म्हणाले की काका सरसावून बसतात. मार्टिनसारखी कंपनी आधी ब्राझीलचे शिसव वापरी. ते मिळेनासे झाले तेव्हा 1969 च्या सुमारास तिने भारतीय शिसवाकडे मोर्चा वळवला. म्हणजे आपल्या सह्याद्रीत उगवणाऱ्या जातीचे लाकूड पेन्सिल्व्हेनियात जाऊन गिटार होते आणि साहेबाच्या मांडीवर बसून परदेशी म्हणून मिरवते. 2017 साली शिसवाच्या साऱ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांखाली आल्या, तेव्हा सीमेपार गिटार विकायला कागद लागू लागले. 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. काका या काळात कुठेही गेले नव्हते, तरी सूट मिळाल्याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.

आता काशीत काय होते, तर वह्या. दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडच्या मराठी मोहल्ल्यात तीर्थपुरोहितांकडे यात्रेकरूंच्या पिढ्या लिहून ठेवलेल्या असतात. गाव सांगा, आडनाव सांगा, पणजोबांची सही समोर येते. काकांच्या पणजोबांचीही आली. काकू गहिवरल्या. काकांनी मात्र हळूच विचारले, "गुरुजी, वस्तूंची वंशावळ ठेवता का?" गुरुजींनी गिटारीकडे पाहिले, दक्षिणेकडे पाहिले आणि वही मिटली.

आणखी एक गोष्ट काकूंच्या मनात होती. काशीला गेले की काहीतरी सोडून यावे, असा रिवाज. आवडती भाजी, आवडते फळ. काकूंनी पेरू सोडला होता आणि काकांकडे अपेक्षेने पाहिले होते. त्यांची नजर काकांच्या खांद्यावरून मागे गेली होती. काकांनी दुधी सोडला. दुधी त्यांनी लग्नानंतर एकदाही खाल्लेला नाही.

तर अशा पार्श्वभूमीवर अमृतराव घाट. काकांनी पायरीवर पंचा अंथरला, खोळ उघडली, तारा पिळल्या. मुंबईची हवा पोटात घेऊन आलेले लाकूड बनारसच्या थंडीत बसले की सुरात राहत नाही, तेव्हा पिळणे बराच वेळ चालले. मग जी, सी आणि डी हे तीन कॉर्ड वाजले. एफ वाजला नाही. तो कधीच वाजलेला नाही. कारण यंत्रशास्त्रीय आहे: सहा पोलादी तारा मिळून लाकडाला 70 किलोंच्या आसपास ओढत असतात, दिवसरात्र, वर्षानुवर्षे. दांडी पुढे कलते, पोट फुगते आणि तारा पट्ट्यांपासून वर उचलल्या जातात. काकांच्या गिटारीच्या तारा आणि दांडी यांच्यामधून बेस्टची बस गेली असती. एफला पहिल्या बोटाने सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागतात. त्यासाठी लागणारे बोट बँकेत नोटा मोजून तयार होत नाही.

वरच्या पायरीवर ऊन खात बसलेला एक तरुण हे पाहत होता. तो खाली आला, 'बाबूजी, जरा देखें?' म्हणाला आणि गिटार हातात घेताच तिला मांडीवर आडवी ठेवली. काकूंना वाटले, आता पोट उघडतो.

बनारसमध्ये गिटार आडवी असते, हे काकांना ठाऊक नव्हते असे नाही. डोक्यात शिरले नव्हते. आडव्या गिटारीचीही वंशावळ वादातच आहे. पोलादी दांड्याने तारांवरून घसरत वाजवण्याची युक्ती हवाईच्या जोसेफ केकुकूची, असे बहुतेक मानतात. पण 1880 च्या दशकात होनोलुलूत पोचलेल्या गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या एका हिंदुस्थानी खलाशाकडेही तिचे श्रेय जाते. युक्ती कोणाचीही असो, हवाईचा कलावंत टाउ मो ती घेऊन 1929 साली भारतात आला, पुढे काही वर्षे कोलकात्यात राहिला, आणि बंगाली घराघरांत हवाईयन गिटार आली. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर आलाप-जोड मांडला; 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीला तीच वाजते. जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी तिच्यावर तरफेच्या तारा चढवून मोहनवीणा केली आणि 1994 साली ग्रॅमी आणले. बनारसच्या कमला शंकर यांनी छन्नूलाल मिश्रांकडे गायकी शिकून ती गिटारीवर उतरवली, आणि स्वतःच्या कल्पनेची शंकर गिटार घडवली. मींड घेणाऱ्या संगीताला पट्ट्यांची अडचणच होते. तारा जितक्या उंच तितका दांडा मोकळा फिरतो.

इथे काकांच्या गिटारीचे नशीब फळफळले. तरुणाने तारांवरून बोट फिरवले आणि तो आनंदाने म्हणाला, "गुरू, ई तो पहिले से तैयार हौ!" स्लाइडसाठी साधी गिटार घेतली की तारा मुद्दाम उचलाव्या लागतात. इथे काळानेच ते काम करून ठेवले होते. टोकाशी थोडी उणीव होती, ती त्याने काकूंच्या पर्समधली पेन्सिल तारांखाली आडवी सारून भरून काढली. खिशातून पोलादी दांडा निघाला, तारा वेगळ्या सुरांत लागल्या, आणि भीमपलासीचा आलाप सुरू झाला.

काकू ऐकत राहिल्या. मग काकांकडे वळून म्हणाल्या, "बघा, आडवी टाकली की कशी वळणावर आली. इतकी वर्षं उभी धरलीत म्हणून फुगून बसली होती."

"अगं, पण ती गिब्सन आहे का, ते तर विचारू दे."

तरुणाने विचारल्याशिवायच उपाय सांगितला. माथ्याच्या पट्टीपासून बाराव्या पट्टीपर्यंत माप घ्यायचे आणि दुप्पट करायचे. जे-45 ची तार पावणेपंचवीस इंच भरते, इतर बऱ्याच गिटारी साडेपंचवीसच्या. टेप कुठून आणायची, हा प्रश्न बनारसमध्ये पडत नाही. वरच्या गल्लीतून ब्लाउजची मापे घेणारा शिंपी टेपसकट खाली आला, मागोमाग त्याची दोन गिऱ्हाइके. शिंप्याने माप घेतले, जीभ दाताखाली धरली आणि साडेबारा सांगितले. म्हणजे दुप्पट पंचवीस. ना कालामाझू, ना इतर. काकांनी पुन्हा मोजायला लावले. शिंप्याने कबूल केले की टेप जुनी आहे, थोडी ताणली गेली आहे, पण आजवर एकाही ब्लाउजची तक्रार आलेली नाही. गिऱ्हाइकांपैकी एकीने मान हलवून तिथल्या तिथे तक्रार नोंदवली.

तरुण क्लासला जायचे म्हणून उठला. जाताना त्याने पोलादी दांडा काकांच्या हातात ठेवला. पेन्सिल तारांखालीच राहिली. काकांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, दांडा फिरवला आणि घाटावरची दोन कुत्री उठून गेली. काका खचले नाहीत. काकूंना त्यांनी जाहीर केले, "दुधी मागे घेतो. एफ सोडला."

शेजारचा घाट नारदाचा. तिथे नवरा-बायकोने जोडीने स्नान केले तर भांडण लागते, असा बनारसमध्ये समज आहे, म्हणून काकूंनी पायऱ्यांवरून न जाता नावेतून अस्सीपर्यंत जायचे ठरवले. नारदाला वळसा पडेल आणि गंगादर्शनही होईल. मल्लाहाने दोन माणसे पाहिली, आडवी गिटार पाहिली आणि तीन सवारींचे पैसे सांगितले. काकूंनी गिरगावच्या भाजीबाजारात कमावलेला आवाज लावला: ती सवारी कसली, ते सामान आहे.

"सामान चुप रहता है, माताजी," मल्लाह वल्ही जोडत म्हणाला. "ई त दुई घंटा से बोलत हौ."

काकूंनी क्षणभर विचार केला, नावेत आधीच चढून दांडा घासत बसलेल्या काकांकडे बोट केले आणि विचारले, "मग ह्यांचे किती घेणार?"