पॅनेलवाला

कोल्हापुरात कुणी "माझं पॅनेल आहे" म्हणालं, की ऐकणारा आधी विचारतो, गोकुळ दूध संघाचं की साखर कारखान्याचं? आणि उभं कुणाच्या विरोधात? अलीकडे मात्र पॅनेल असलेल्यांची एक नवीच जमात वाढीला लागली आहे. यांना ना सभासद, ना जेवणावळी, ना गुलाल. यांचं पॅनेल मोबाइलमध्ये असतं. ऑनलाइन बाजारात माल विकणाऱ्याला कंपनी जे पान उघडून देते ते हे पॅनेल. त्यावर आजच्या ऑर्डरी, परतीचा माल, दंड, जाहिरातीचा खर्च आणि अगदी तळाशी, तिथवर जायची छाती असेल तर, नफा दिसतो.

आपला पॅनेलवाला पस्तिशीच्या आतबाहेरचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग थोडी वर्षं शिरोली एमआयडीसीत नोकरी, आणि मग एक दिवस चप्पल लाइनीतल्या वडिलांच्या दुकानातले कापशी जोड उचलून त्याने ऑनलाइन खातं उघडलं. वडील दुकानदार. हा सेलर. याला चुकून कुणी दुकानदार म्हटलं तर त्याला ते लागतं, आणि वडिलांना कुणी सेलर म्हटलं तर ते मागे वळून पाहतात.

त्याला "काय चाललंय?" विचारून बघा. "काय सांगू भावा, काल बाय बॉक्स गेला. बीएसआर चार हजारावरनं अकरा हजारावर. एकॉस चाळीस. वर आणि आरटीओ." यातलं शेवटचं तेवढं मित्राला कळतं. तो हळहळतो, "कुठं धरलं? लायसन नव्हतं जवळ?"

इथला आरटीओ गाडी अडवत नाही, तो पार्सल फिरवतो. गिऱ्हाइकाने माल मागवायचा, पैसे दारात देतो म्हणायचं, आणि कुरिअरवाला दारात आला की कुलूप लावून पाहुण्याकडे जायचं. पार्सल बिचारं गुवाहाटी बघून कोल्हापूरला परत. म्हणजे जिथून निघालं तिथेच पोचलं, याला रिटर्न टू ओरिजिन म्हणतात. आमच्या पॅनेलवाल्यापेक्षा त्याच्या चपला जास्त देश हिंडल्या आहेत.

एसिन हे त्याचं सर्वांत दुखरं अक्षर. अॅमेझॉनवर प्रत्येक वस्तूला अक्षर-आकड्यांचा दहा खुणांचा एक नंबर मिळतो, तो एसिन. गंमत अशी की हा नंबर वस्तूचा असतो, विकणाऱ्याचा नव्हे. याने पन्हाळ्याला जाऊन तटबंदीवर धाकट्या भावाचे पाय उभे करून फोटो काढले, वर्णन लिहिलं, पान सजवलं. आता आग्र्याचा कुणी गडी त्याच एसिनवर 'माझ्याकडेही हाच माल' म्हणून पाच रुपये कमी लावून बसतो, आणि खरेदीचं बटण त्याच्याकडे जातं. ते बटण म्हणजे बाय बॉक्स. भावाचे पाय पन्हाळ्यावर, गल्ला आग्र्यात.

त्यामानाने एसकेयू हा नंबर बरा. तो ज्याचा त्याने ठेवायचा असतो, त्यामुळे पॅनेलवाला त्यात जीव ओततो. 'केओपी-केपीएस-टीएएन-८' असं तो फोनवर एखाद्या वैमानिकासारखं म्हणतो. बायको आतून ओरडते, "तपकिरी कापशी, आठ नंबर, कॉटखाली." घरात लेबल छापायचा थर्मल प्रिंटर आहे म्हटल्यावर हळदीच्या डब्यावरसुद्धा लेबल चढलं. तिने ते सोलून काढलं, कारण तिला हळद दिसते.

वडिलांना, म्हणजे आप्पांना, या सगळ्यात रस नाही, पण वजनाच्या हिशेबाने तेही उठून बसले. जोड खोक्यासकट तराजूवर पाऊण किलो. पण कुरिअरचा हिशेब लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार, भागिले ५०००. खोकं ३२ बाय २० बाय १२ असेल तर वजन दीड किलोच्या वर जातं, आणि दोन्हींतलं जे जास्त त्याचं भाडं. याचं नाव व्हॉल्युमेट्रिक वेट. आप्पांनी ते दोनदा ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे हवेचंबी भाडं लावत्यात व्हय?" इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्या मार्गदर्शिकेत सापडलेली नाही.

बीएसआर म्हणजे विक्रीतला क्रमांक. तो जितका लहान तितका चांगला, हे आईला पटवायला एक दिवाळी गेली. आकडा वाढला की पोरगा का कण्हतो, हे तिला कळेना. टीसीएसनं पैसे कापले म्हटल्यावर तर तिने पुण्याच्या भाच्याला फोन लावायला घेतला, तो तिथेच कामाला आहे. हा टीसीएस जीएसटीतला. कंपनी सेलरच्या विक्रीतून कापून सरकारात भरते. २०१८ पासून १ टक्का होता, जुलै २०२४ पासून अर्धा झाला. आयकराचा टीडीएस वेगळा, तोही १ टक्क्यावरून ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ वर आला. त्या दिवशी पॅनेलवाल्याने पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

खरा ग्रंथ मात्र परतीच्या मालाचा. अस्सल कोल्हापुरी पायतान नवं असताना चावतं, हे जगजाहीर आहे. दुकानात आप्पा गिऱ्हाइकाला सांगतात, "दोन दिवस चावंल, त्याल लावा, मग पायासारखं हुईल." गिऱ्हाईक मान डोलावतं, पैसे देतं, लंगडत जातं. ऑनलाइन गिऱ्हाईक एक तारा देतं आणि 'साइज-फिट इश्यू' हे कारण निवडतं. मग खोकं परत येतं, आणि त्यात काय असेल ते अंबाबाईलाच ठाऊक. कधी लग्नात नाचून आलेला जोड, कधी बाथरूममधली रबरी स्लीपर, कधी दोन्ही डाव्या पायाच्या.

म्हणून रोज संध्याकाळी पॅनेलवाल्याच्या हॉलमध्ये पंचनामा असतो. बायको मोबाइल धरते, तो लेबल कॅमेऱ्यासमोर नाचवतो, "हे बघा सील, हा ट्रॅकिंग आयडी, आता कापतोय," असं बोलत खोकं उघडतो. मग स्लीपर दिसली की क्लेम टाकायचा. क्लेमला उत्तर येतं की आपली अडचण आम्ही समजू शकतो. अडचण समजून घेण्यात या कंपन्यांचा हात धरणारं कुणी नाही.

अकाउंट मॅनेजर नावाचा एक आवाजही त्याच्या आयुष्यात आहे. दर काही महिन्यांनी तो बदलतो, पण वाक्य तेच, "सर, डील में पार्टिसिपेट कर लीजिए."

त्याचं पंचांगही निराळं. घरचे लोक घटस्थापना बघतात, हा बीबीडी आणि जीआयएफ, म्हणजे बिग बिलियन डेज आणि ग्रेट इंडियन फेस्टिव्हल, या ऑनलाइन सेलच्या तारखा बघतो. बिग बिलियन डेज २०१४ मध्ये आला आणि नवरात्राचे नऊ दिवस या जमातीपुरते संपले. दसरा चौकात शाही सोनं लुटलं जात असतं तेव्हा हा टेपगन घेऊन खोकी बंद करत असतो. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि गाव पेटून उठलं. २०१९ चं जीआय मानांकन कुणाचं, हा प्रश्न सगळीकडे गाजत होता. पॅनेलवालाही संतापला. संतापाच्या भरात त्याने रात्री आपल्या लिस्टिंगच्या कीवर्डमध्ये 'प्राडा' टाकलं. सकाळी लिस्टिंग ब्लॉक.

लोक त्याच्या या बोलीला हसतात. मला ती शहाणपणाची वाटते. 'आज चारशे रुपये बुडाले' हे बायकोला जेवताना सांगता येत नाही. 'एकॉस जरा वर गेलाय' हे सांगता येतं, वर भाजी वाढून घेता येते. जाहिरातीतून शंभराची विक्री व्हायला चाळीस रुपये जाहिरातीलाच गेले, म्हणजे एकॉस चाळीस. पण आकड्याला अक्षरांचा कोट चढवला की तोटासुद्धा हापिसातून आल्यासारखा दिसतो. फक्त आप्पांचा एक प्रश्न या बोलीत बसत नाही. रोज रात्री दुकान बंद करून आले की ते चप्पल काढताकाढता विचारतात, "एका जोडामागं सुटतंय किती?" पॅनेलवाला सेटलमेंटची फाइल उघडतो, बराच वेळ वरखाली करतो आणि "टीसीएस परत मिळाला की सांगतो," म्हणतो.

तेव्हा वाचकहो, सात, आठ आणि नऊ असे तिन्ही नंबर मागवून दोन परत पाठवायचा विचार असेल तर खुशाल पाठवा, तुमचा हक्क आहे. पण निदान एक डावी आणि एक उजवी पाठवा. तिकडे व्हिडिओ चालू असतो.