कारवानी आणि त्याचा मालक

कारवान किंवा मुधोळ हाउंड हा दृष्टिश्वान, म्हणजे वासापेक्षा नजरेने सावज हेरून ते धावून गाठणाऱ्या कुळातला कुत्रा, असल्यामुळे पलीकडच्या बांधावरचा ससा त्याला तत्काळ दिसतो. जवळ उभा राहून घसा फोडणारा मालक मात्र त्याच्या लेखी नसतो. आखूड केसांच्या वाणाला कारवानी आणि कानाशेपटीवर झुलपे असलेल्याला पश्मी म्हणतात, हा भेद पाहुण्यांना चहाआधीच ऐकावा लागतो. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी ब्रिटनचा राजा पाचवा जॉर्ज याला या कुत्र्यांची जोडी भेट दिल्याची कथा आणि या कुत्र्याचे चित्र असलेले 2005 सालचे टपाल तिकीट हे विषय त्याच ओघात येतात व तिकिटासाठी जणू मालकच बसला होता असा श्रोत्यांचा समज होतो.

या प्रतिष्ठेला धक्का बसतो तो बरगड्यांमुळे. निरोगी कारवानीच्या शेवटच्या काही बरगड्या दिसणे हे सुदृढतेचे लक्षण असले, तरी सोसायटीत ते मालकाच्या कंजूषपणाचे लक्षण मानले जाते. शेजारच्या आजी तुपाची पोळी घेऊन येतात, वॉचमन सहानुभूतीने बिस्किटे देतो, आणि खोल छाती, आत गेलेले पोट व अंगावरची अल्प चरबी यांवर दिलेले व्याख्यान संपल्यावर आजी एवढेच विचारतात, "पण जेवायला घालता ना?" कुत्रा या वेळी, निव्वळ खोडीने, उपाशी चेहरा करतो.

याच अल्प चरबीमुळे त्याला थंडी बाधते आणि काही भूलऔषधांचा अंमल त्याच्यावर लांबतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्याला जात सांगणे आवश्यक असते. पोटाला पीळ पडण्याचा धोका असल्याने जेवणानंतर त्याला पळवू नये; एरवी मात्र रोज, कुंपण असलेल्या मोकळ्या जागी, मनसोक्त धावू द्यावे.

येथेच विवेचकाचा संयम सुटतो. देशी वाणाचा अभिमान म्हणून आणलेला हा प्राणी शहरात पुष्कळदा गॅलरीच्या गजाला साखळीने बांधलेला आढळतो. मुळात अनोळखी स्पर्श न रुचणारा, घरच्यांशीही अंतर राखून माया करणारा कुत्रा असा दिवसभर जखडला, येणाऱ्याजाणाऱ्याने कुरवाळला, की गुरगुरतो. आणि मालक विक्रेत्याला फोन करून विचारतो, जातिवंत म्हणून दिलेला कुत्रा असा चिडका कसा निघाला, आणि बदलून मिळेल का.