स्कीमवाले सर

हिंगोलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या गाड्यांची रांग लागली की स्कीमवाल्या सरांची मोटारसायकल दारोदार फिरू लागते. सर कुठल्या शाळेवर आहेत, हे विचारायचं नसतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन आणि बगलेत डायरी असली की आमच्याकडे माणूस सर होतो.

सर पैसे कधीच मागत नाहीत. "मामा, हळद काय भावानं गेली?" इथून सुरुवात. मग बोअरला पाणी किती, पोरीचं कुठं जमायलंय, असं करत चहाच्या दुसऱ्या कपाला ते तुमच्या आजोळचे निघतात. पट्टीचा आकडा तुम्ही आपल्याच तोंडानं सांगून बसता. "बँकेत ठेवून काय करायलात? एकच नंबर राहिलाय, मेव्हण्याचा कापून तुमच्यासाठी ठेवलाय." मेव्हण्याला हेच आदल्या दिवशी तुमचं नाव घालून ऐकवलेलं असतं. सर लाख म्हणतात, मामा चाळीस. सर ऐंशीवर येतात, मामी आतून भांडं आपटतात, शेवटी साठ हजारांवर तुटतं. पहिला हप्ता दसऱ्याला.

आणि तो येतो! सर पारावर, चारचौघांत मोजून देतात. तो कोणाच्या साठातला, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही. 1920 साली बोस्टनमध्ये चार्ल्स पोंझी 45 दिवसांत 50 टक्के नफा कबूल करायचा आणि जुन्यांना नव्यांच्या पैशातून द्यायचा. सरांना हे कोणी शिकवलं नव्हतं.

पोंझीचं नाव त्यांनी ऐकलं ते दिवाळीत. पुण्याहून आलेल्या पुतण्यानं 'पोंझी स्कीम' नावाचा पटावरचा खेळ आणला होता, तैवानच्या जेसी ली यांनी 2015 साली काढलेला. लोकांकडून पैसा उचलायचा, चक्र फिरलं की व्याज भरायचं, मध्येच पाकिटात गुपचूप रक्कम घालून कोणाचा तरी धंदा मागायचा. समोरच्यानं एक तर पैसे ठेवून धंदा द्यायचा, नाहीतर तेवढेच पैसे घालून तुमचाच धंदा उचलायचा. हे शेवटचं कलम सरांना मुळीच पटलं नाही. समोरच्यालाही निवड करता येते, हा अनुभव त्यांना नवा होता.

तासाभरात सर बुडाले. जो बुडतो तो हरतो आणि डाव संपतो, असं पुतण्यानं सांगितल्यावर ते उखडलेच. "संपतो कसा? हितलं ऑफिस बंद करायचं अन् कळमनुरीला नव्या नावाचा बोर्ड लावायचा!"

बोलले ते अनुभवाचं. 2014 साली अशाच स्कीमवाल्या नाशिकच्या केबीसी कंपनीचं भांडं फुटलं, मराठवाड्यातले हजारो लोक अडकले. सिंगापूरला पळालेलं संचालक दांपत्य परतलं ते 2016 साली, आणि मुंबई विमानतळावर पकडलं गेलं. आमचे सर मात्र कुठंच पळत नाहीत. त्यांची स्कीम बुडाली तेव्हा तक्रारदारांच्या रांगेत पहिले तेच होते. ठेवीदार कृती समितीही त्यांनीच काढली, अर्जाच्या खर्चाला माणशी दोनशे रुपये घेऊन. ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा 1999 चा, आमचा जिल्हाही 1999 चाच. दोघांच्याही वयाचा सरांवर काही परिणाम झालेला नाही.

सध्या ते शेळ्यांच्या स्कीमचं बघायलेत. हळद विकून घरी जाल तेव्हा वाटेत चहाला थांबू नका, आणि पट्टी वरच्या खिशात तर मुळीच ठेवू नका.